उंदराच्या पोथीतील मुकी प्रत

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा कार्यवाहांनी मला थांबवून विचारले, ‘सर, विषय लिहून घेताना माझी काही चूक तर झाली नाही ना?’ त्यांची शंका रास्त होती. मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर कादंबरीवर बोलावे. उंदरांच्या जनुकांवर बोलण्याचा त्याला अधिकार काय? शिवाय ग्रंथालयात उंदराचे नाव काढणे म्हणजे किराणा दुकानात टोळधाडीचे कौतुक करण्यासारखे आहे. आमच्या ग्रंथपालांना विचारा. उंदराविषयी त्यांचे मत वाळवीविषयीच्या मतापेक्षा फारसे वेगळे नाही.

परंतु या विषयाकडे मी दोन कारणांनी वळलो. पहिले कारण असे की, माझी एक जुनी विद्यार्थिनी कर्करोगावर संशोधन करते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती माझ्या मराठीच्या तासाला बसत असे. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली तेव्हा माझ्या टेबलावर पाठचिकित्सेची टिपणे पसरलेली होती. जुन्या पोथ्यांच्या अनेक प्रती मिळतात, त्यांत पाठभेद असतात, त्यांतून मूळ पाठ कसा ठरवायचा, हे शास्त्र मी तिला थोडक्यात समजावून सांगितले. ती म्हणाली, ‘सर, हे तर आम्ही प्रयोगशाळेत रोजच करतो. फक्त आमच्या पोथ्या उंदराच्या असतात.’ त्या दिवसापासून मी तिच्याकडून आणि तिने दिलेल्या पुस्तकांतून जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे. दुसरे कारण आपल्या वाचनालयाचेच आहे. ते शेवटी सांगेन.

प्रथम परिभाषेविषयी दोन शब्द. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गाला शास्त्रीय मराठीत ‘कृंतक’ म्हणतात. इंग्रजीत माउस आणि रॅट अशी दोन नावे असलेल्या दोन निरनिराळ्या जातींना आपण सरसकट उंदीर म्हणतो. घोटाळा टाळण्यासाठी मी त्यांना छोटा उंदीर आणि मोठा उंदीर म्हणेन. प्रयोगशाळांत दोघांचाही उपयोग होतो.

प्राण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाच्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली एक पोथी असते. छोट्या उंदराच्या पोथीत सुमारे दोनशे सत्तर कोटी अक्षरे आहेत. माणसाच्या पोथीत तीनशे कोटींच्या आसपास. या पोथीतील ज्या भागावरून शरीराला लागणारे एखादे प्रथिन तयार होते, त्याला आपण जनुक म्हणतो. पेशी विभागली जाताना सगळी पोथी नव्याने उतरवली जाते, आणि उतरवताना चुका होतात. आपल्या लेखनिकांच्याही होत असत. काही चुका बाहेरून लादल्या जातात: सूर्यकिरणांनी, रसायनांनी, तंबाखूच्या धुराने.

अशा चुकांवर लक्ष ठेवणारी काही जनुके असतात. त्यांना अर्बुदरोधक जनुके म्हणता येईल. अर्बुद म्हणजे गाठ. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जनुक पी-५३ या रूक्ष नावाने ओळखले जाते. पी म्हणजे प्रोटीन, आणि ५३ हा त्याच्या वजनाचा, हजारांच्या हिशेबातला, आकडा. पोथीला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते.

याच्या शोधाची कथा पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. १९७९ साली हे प्रथिन सापडले, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोग घडवून आणणारे प्रथिन आहे असेच शास्त्रज्ञ मानत होते. प्रयोगांत ते पेशींना बेबंद वाढायला लावत होते, हे खरेच होते. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला. ज्या प्रतींवरून प्रयोग चालले होते, त्या प्रतीच भ्रष्ट होत्या. रोगट पेशींतून घेतलेले, अक्षर बदललेले जनुक सर्वांनी मूळ म्हणून स्वीकारले होते. शुद्ध प्रत हाती आली तेव्हा रक्षकाला आपण इतकी वर्षे चोर समजत होतो, हे लक्षात आले. पुढे १९९२ मध्ये हे जनुक मुळातच नसलेले छोटे उंदीर तयार करण्यात आले. ते जन्मताना धडधाकट दिसले; पण सहा महिन्यांच्या आत त्यांतील बहुतेकांना गाठी झाल्या.

निपाणी-बेळगावच्या माणसाला हा विषय परका नाही. निपाणीच्या तंबाखूवर या भागातील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी केलेले आंदोलन आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचा खोकला आपण रस्त्यावरून जाताना ऐकलेला आहे. माझे मामा अशाच एका वखारीत दिवाणजी होते. हिशेबाची वही उघडण्यापूर्वी चिमूट गालात ठेवण्याची त्यांची सवय होती, आणि त्याच गालाच्या कर्करोगाने ते गेले. हे दुःख केवळ आमच्या घरचे नव्हते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्येच प्रसिद्ध केला होता. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीन हे द्रव्य पी-५३ जनुकाच्या नेमक्या कोणत्या अक्षरांवर जाऊन चिकटते, हे १९९६ साली दाखवण्यात आले. फुप्फुसाच्या कर्करोगात ज्या जागी अक्षरे बदललेली सापडत, त्याच त्या जागा होत्या.

खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवलेल्या कमल रणदिवे यांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषीने मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि छोट्या उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. रोगाचे बीज, अंतःस्राव आणि आनुवंशिक कल यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाळून तपासला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा जनुकाची अक्षरे वाचण्याची सोयच नव्हती. आज ती आहे, आणि म्हणूनच अक्षरे नीट वाचण्याची जबाबदारीही आहे.

आता मुक्या प्रतीकडे वळतो. १९८३ साली इस्राएलमधील संशोधकांनी छोट्या उंदराच्या पोथीत पी-५३ शोधले, तेव्हा त्यांना ते एक नव्हे तर दोन ठिकाणी सापडले. पुढच्याच वर्षी या दोन जागाही निश्चित झाल्या. खरे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याची एक प्रत चौदाव्या गुणसूत्रावर पडून आहे. या प्रतीवरून कामाचे प्रथिन तयार होत नाही. अशा प्रतींना इंग्रजीत स्यूडोजीन म्हणतात. हा शब्द १९७७ साली प्रथम वापरला गेला. मराठीत आपण छद्मजनुक म्हणू.

ही प्रत तेथे आली कशी? त्यासाठी खऱ्या जनुकाची रचना पाहावी लागेल. पी-५३ चा मजकूर सलग नाही. त्याचे अकरा तुकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये निरर्थक वाटणारा लांबलचक मजकूर आहे. पेशी प्रथम या सगळ्याची आरएनएमध्ये नक्कल करते, मग मधला मजकूर कापून अकरा तुकडे जोडते, आणि ही संपादित नक्कल प्रथिन बनवण्याच्या जागी पाठवते. सामान्यतः ही नक्कल काम झाल्यावर नष्ट होते. परंतु पेशीत आरएनएवरून उलट डीएनए लिहिणारे एक द्रव्यही असते. दूरच्या भूतकाळात केव्हातरी, अंडपेशी किंवा शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशीमालिकेत, अशाच एका संपादित नकलेवरून पुन्हा डीएनए लिहिले गेले आणि ते पोथीत भलत्याच पानावर चिकटवले गेले. म्हणूनच चौदाव्या गुणसूत्रावरील प्रतीत मधला मजकूर नाही. अकरा तुकडे तेथे सलग आहेत.

तो तेथे गेला खरा, पण ‘येथून वाचावयास आरंभ करावा’ अशी जी खूण खऱ्या जनुकाच्या अगोदर असते, ती मागेच राहिली. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर पुस्तक कपाटात आले. तालिकेत त्याचे पत्र मात्र नाही. ते कोणी मागत नाही, म्हणून त्यातील चूक कोणाच्या लक्षात येत नाही. खऱ्या जनुकात घातक चूक झाली तर तो उंदीर गाठी होऊन लवकर मरतो आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत टिकणे अवघड होते. मुक्या प्रतीतील चुकीची शिक्षा कोणालाच होत नाही. पिढ्यामागून पिढ्या अक्षरे बदलत जातात आणि मजकूर हळूहळू अर्थहीन होतो.

मग अशा प्रतीशी आपल्याला काय कर्तव्य? माझ्या विद्यार्थिनीने याचे पहिले उत्तर दिले ते धोक्याचे. प्रयोगशाळेत उंदराच्या गाठीतील पी-५३ तपासताना त्या भागाच्या यंत्राने लक्षावधी प्रती काढून त्या वाचतात. काढताना खऱ्या जनुकाबरोबर छद्मजनुकही उचलले गेले, तर त्यातील जुनी, निरुपद्रवी चूक आजच्या रोगाने घडवलेली चूक म्हणून नोंदली जाते. मोठ्या उंदरात पी-५३ ची आणखी दोन छद्मजनुके ओळखल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्यावर काम करणाऱ्यांनाही हीच दक्षता घ्यावी लागते. एखादे द्रव्य कर्करोगकारक आहे की नाही, याचा निर्णय अशा वाचनावर अवलंबून असेल तर चुकीच्या प्रतीवरून चुकीचा निवाडा होईल. यावरचा उपाय साधा आहे. जो मधला मजकूर फक्त खऱ्या जनुकात असतो, तो ओलांडून जाणारा भाग वाचायला घ्यायचा. खऱ्या जनुकातील तुकडा लांब येतो, छद्मजनुकातील आखूड, आणि दोन्ही ओळखू येतात. प्रत ओळखल्यावाचून पाठ स्वीकारू नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम. तो येथेही पहिलाच आहे.

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते की, दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे सारखी आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण दोघांनी एकाच ठिकाणी एकच चमत्कारिक चूक केली असेल तर त्यांची बाके जवळ होती हे नक्की समजावे. पोथ्यांची घराणी याच न्यायाने ठरतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते, आणि ते काम १९६६ साली पूर्ण झाले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून दक्षिणेच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या हस्तलिखितांची कुळे लावताना समान पाठ, समान प्रक्षेप आणि समान दोष यांचाच आधार घ्यावा लागला. मूक प्रतीतील दोष कोणी दुरुस्त करीत नाही, त्यामुळे वंशावळ लावण्यास ती फार विश्वासू साक्षीदार ठरते. पी-५३ च्या छद्मजनुकाचाच आधार घेऊन प्रयोगशाळेतील छोट्या उंदरांचे मूळ शोधण्याचा प्रयत्न २००१ साली जपानी संशोधकांनी केला.

आपल्या स्वतःच्या पोथीतही याचे उदाहरण आहे. क जीवनसत्त्व शरीरात तयार करणारे जनुक उंदरात शाबूत आहे. म्हणून त्याला लिंबू-आवळ्याची गरज पडत नाही. माणसात आणि त्याच्या जवळच्या वानरांत ते जनुक मोडून छद्मजनुक झाले आहे. गमतीची गोष्ट अशी की, कृंतकांपैकीच असलेल्या गिनीपिगमध्येही ते मोडले आहे, पण स्वतंत्रपणे, निराळ्या तऱ्हेने. मोडण्याच्या खुणा वेगळ्या असल्यामुळेच हे समजले.

तिसरे उत्तर अधिक नाजूक आहे, म्हणून ते जपून सांगतो. काही मुक्या प्रती अगदीच मुक्या नसतात. पीटेन नावाचे आणखी एक अर्बुदरोधक जनुक माणसाच्या दहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे छद्मजनुक नवव्या गुणसूत्रावर. २०१० साली असे दिसून आले की, या छद्मजनुकावरून प्रथिन होत नसले तरी आरएनएची नक्कल निघते. मूळ जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे तोंड बंद करणारे जे छोटे आरएनए असतात, त्यांतील काही ही नक्कल स्वतःवर ओढून घेते, आणि मूळ संदेशाला बोलायला मोकळीक मिळते. उलट दाखलाही आहे. ब्राफ या निराळ्या जनुकाच्या छद्मजनुकाची नक्कल छोट्या उंदरांत मुद्दाम वाढवली तेव्हा त्यांना लसीकापेशींचा कर्करोग झाला, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी हत्तीची हकीकत पुढे आली. एवढ्या प्रचंड देहात एवढ्या पेशी असताना हत्तीला कर्करोग त्या मानाने क्वचित होतो. त्याच्या पोथीत पी-५३ चे मूळ जनुक आणि उलट लिहिल्या गेलेल्या आणखी एकोणीस प्रती सापडल्या. त्यांतील काही अजून कामात असाव्यात असे दिसते. पोथीला इजा झालेली हत्तीची पेशी माणसाच्या पेशीपेक्षा सहज मरण पत्करते. खानापूरच्या रानात हत्ती उतरले म्हणजे आपण उसाची काळजी करतो. ही गोष्टही तेव्हा आठवावी.

यावरून ‘सृष्टीत निरुपयोगी काहीच नाही’ असे सुभाषित रचण्याचा मोह होतो. मला तो झाला होता. माझ्या विद्यार्थिनीने मला लगेच अडवले. माणसाच्या पोथीत चौदा हजारांहून अधिक छद्मजनुके नोंदली गेली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे कोणतेही काम आढळलेले नाही. ज्यांचे आढळले, त्यांच्यासाठी एकेकाची स्वतंत्र परीक्षा करावी लागली. प्रत मुकी आहे म्हणून फेकू नये, आणि आपल्याला आवडते म्हणून तिच्या तोंडी शब्दही घालू नयेत. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांच्यापुढेही हेच दोन मोह असले पाहिजेत. ‘छद्म’ या शब्दाबद्दलही मला थोडी खंत वाटते. छद्म म्हणजे कपट. या प्रतीने कोणाला फसवलेले नाही. घाईने वाचणारा स्वतःच फसतो. परंतु शब्द रूढ होत आहे, आणि रूढीपुढे मराठीच्या अध्यापकाचेही काही चालत नाही.

दृष्टान्त हा दृष्टान्तच असतो, हेही सांगितले पाहिजे. उंदराच्या पोथीला लेखक नाही, संपादक नाही, ग्रंथपाल तर नाहीच. आपल्या वाचनालयाला मात्र ग्रंथपाल आहेत, आणि म्हणून दुसऱ्या कारणाकडे येतो.

शताब्दीच्या निमित्ताने कपाटांची पाहणी करून निर्लेखनाची यादी करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यात मीही होतो. जागा अपुरी आहे आणि नवी पुस्तके यायला हवीत, यात वाद नाही. एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती, सुटलेल्या पानांच्या, वीस वर्षांत कोणी न मागितलेल्या, अशी ती यादी वाढत गेली. त्यांतील एका कादंबरीच्या तीन प्रती मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. मजकूर एकच. पण एकीवर आपला शिक्का होता; दुसरीवर निपाणीकडील एका खेड्यातील, आता बंद पडलेल्या वाचनालयाचा; आणि तिसरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते पुस्तक हातोहात वाचणाऱ्या सात वाचकांच्या तारखा होत्या. त्यांतील काही तारखा १९५६ च्या आधीच्या, काही नंतरच्या. या सीमाभागात मराठी कोण वाचत होते, कोठे वाचत होते, हे आपण सभांतून पुष्कळ सांगतो. त्याचा हा पुरावा आम्ही रद्दीच्या यादीत क्रमांक घालून ठेवला होता. त्या यादीवर माझीही सही होती, हे प्रांजळपणे सांगतो. ती सही मी मागे घेतली आहे.

सगळेच ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच की, कोणतीही प्रत उघडून पाहिल्याशिवाय तिचे निर्लेखन करू नये. तिच्यावरील शिक्के, तारखा आणि हस्ताक्षरे दाखलनोंदवहीत उतरवून घ्यावीत. आणि जिचे काही वेगळेपण आढळेल ती निराळ्या कपाटात जपावी. या कामाला दोन सुट्या पुरतील. मी येईन, माझे काही विद्यार्थी येतील. सभासदांपैकी कोणाला वेळ असेल तर त्यांनी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे.

आणि ज्या श्रोत्यांच्या खिशात तंबाखूची डबी असेल, त्यांना एका दिवाणजींच्या भाच्याची विनंती आहे. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ चे जनुक एकाच स्थानी आहे, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या एकेका प्रतीचे. हत्तीसारख्या आणखी एकोणीस आपल्यापाशी नाहीत. आहेत त्या सांभाळाव्यात.